टेम्प फोल्डरला मराठीत काय म्हणावं?

पायथॉनच्या स्क्रिप्टची पायइन्स्टॉलरने (स्क्रिप्टसोबत पायथॉनही बांधून देणारं टूल) सिंगल एक्झी, म्हणजे एकाच फाइलचा प्रोग्रॅम, केलीय आणि वापरणाऱ्यांसाठी मराठीत दोन पानं लिहितोय. ती एक्झी चालू केली की आधी टेम्पमध्ये (सिस्टिमचा कामापुरत्या फाइलींचा फोल्डर) '_एमईआय' आणि पुढे काही आकडे अशा नावाचा फोल्डर बनवते, त्यात इंटरप्रिटर (पायथॉनचा कोड चालवणारा भाग), लायब्रऱ्या सगळं काढून ठेवते आणि मगच स्क्रिप्ट सुरू होते. याला 'तात्पुरती निर्देशिका' लिहिलं तर फोनची डिरेक्टरी वाटतेय. 'हंगामी' चालेल का?

---

हंगामी नको. हंगामी अध्यक्ष म्हणतो तेव्हा खुर्ची कायम असते, माणूस बदलणार असतो, इथे खुर्चीच उचलून नेतात. 'तात्पुरता' बरोबर आहे, त्यात तो 'पुरता' आहे ना, कामापुरता वेळेपुरता, तोच हवाय. निर्देशिका मात्र सोडा, फोल्डरच म्हणा.

---

कागदावर तात्पुरता हो! नीट बंद केलं तर जातो, पण टास्क मॅनेजरमधून मारलं की तसाच राहतो, कारण पुसायचं काम बूटलोडरकडे (सगळं काढून स्क्रिप्ट सुरू करणारा एक्झीतला भाग) असतं आणि तोच मेल्यावर पुसणार कोण. माझी एक छोटी एक्झी दर पाच मिनिटांनी चालायची, अडकली की दुसरी स्क्रिप्ट तिला मारायची, डिस्क भरली तेव्हा टेम्प उघडून बघितलं तर _एमईआय _एमईआय नुसती रांग. अशांना मी 'बेवारस' म्हणतो.

---

बेवारस मस्त. पण पर्ल भाषेच्या पार पॅकरला (तिथलं असंच एक्झी बनवणारं टूल) तो शब्द लागणार नाही, तिथे काढलेल्या फाइली मुद्दाम टेम्पमध्ये ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होतं. पॅक करताना क्लीनचा पर्याय दिला तरच पुसतात. जागा टेम्पची आणि वृत्ती साठवणीची, तिथे 'तात्पुरता' लिहिलंत तर खोटं होईल.

---

आणि एक्स्ट्रॅक्टला, म्हणजे फाइली काढून ठेवण्याला, काय लिहिणार? 'फोडते' नको, काहीतरी मोडल्यासारखं वाटतं. मला तर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर हेच आठवतं, एक्झी सगळा संसार पाठीवर घेऊन फिरते आणि टेम्पमध्ये बिऱ्हाड मांडते. यात अजून एक सोय, बिऱ्हाडात कोणी ठेव ठेवत नाही हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे एकाने सेटिंगची फाइल 'फाइल' व्हेरिएबलवरून (स्क्रिप्ट कुठे आहे ते सांगणारं) पाथ काढून सेव्ह केली, ती गेली त्या फोल्डरात, प्रोग्रॅम बंद केला की सेटिंग गायब, दोन दिवस डोकं खाजवत होता. एक्झीशेजारी ठेवायची तर सिस-डॉट-एक्झिक्युटेबलवरून (एक्झी स्वतः कुठे आहे ते सांगणारं) पाथ काढायचा.

---

लिनक्सवर टेम्पला नोएक्झेक (तिथून काही चालवू न देणारी सेटिंग) लावलं असेल तर बिऱ्हाड मांडूनही उपयोग नाही, लायब्रऱ्या लोडच होत नाहीत. बिल्ड करताना रनटाइम-टेम्पडिर हा पर्याय देऊन जागा बदलता येते. नाहीतर वनडिर (एका फाइलऐवजी सगळं आधीच एका फोल्डरात) करा, मग मांडामांडच नाही.

---

सगळ्यांचे आभार, असं लिहिलंय: 'प्रोग्रॅम चालू झाला की तात्पुरत्या फोल्डरमध्ये बिऱ्हाड मांडतो आणि बंद होताना आवरतो. मध्येच मारला तर फोल्डर बेवारस राहतो, तो प्रोग्रॅम चालू नसताना हाताने पुसावा.' 'मारला'वर ऑफिसात भुवया उंचावल्यात, 'जबरदस्तीने बंद केला' करतो.