पट्टी सरकली, पण पानात काय?
प्रथिन मिसळलेला डीएनए जेलमध्ये चालवल्यावर त्याची पट्टी वर अडकली, म्हणजे प्रथिन त्या प्रमोटरला (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागाला) बांधलं जातंच, असा दावा वाचला; तो परीक्षानळीपुरता खरा. पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. तिथे काय घडतं ते चिप (ChIP: पेशीतच प्रथिन डीएनएला घट्ट जोडून, मग प्रतिपिंडाने ते वेगळं काढून सोबतचा डीएनए तपासणं) केल्यावर कळतं.

पण वनस्पतींत चिपची मेख पहिल्याच पायरीत आहे, तिचा उल्लेख त्या दाव्यात राहिलाय. पानातल्या हवेच्या पोकळ्या आणि वरचा मेणाचा थर यांमुळे ही जोडणी करणारं फॉर्मॅल्डिहाइड नीट आत शिरत नाही. म्हणून पानं १ टक्का द्रावणात बुडवून निर्वात पंपाने हवा काढायची. माझे सुरुवातीचे कितीतरी नमुने इथेच वाया गेले. पानं गडद, भिजल्यासारखी दिसून तळाशी बसली की द्रावण आत गेलं समजावं. मग ग्लायसिन घालून जोडणीची अभिक्रिया वेळेत थांबवा, नाहीतर सोनिकेशनला (ध्वनिलहरींनी तुकडे करण्याला) क्रोमॅटिन, म्हणजे हिस्टोनभोवती गुंडाळलेला डीएनए, दाद देत नाही.