अंगठी म्हणजे अणुबॉम्बच?
टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतली जादूची अंगठी म्हणजे अणुबॉम्बचं प्रतीक, असं काही जण म्हणतात, पण तारखा जुळत नाहीत. टॉल्किननं ती लिहायला घेतली १९३७ च्या डिसेंबरात. बॉम्ब पडला १९४५ ला. शिवाय दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की खऱ्या (दुसऱ्या महा)युद्धावर बेतलं असतं, तर अंगठी नष्ट न करता साउरॉन या खलनायकाविरुद्धच वापरली गेली असती.

मला प्रतीकांपेक्षा साध्या उपमांचीच जास्त गंमत वाटते. ज्या कल्पित जगात खरेखुरे ड्रॅगन आहेत तिथे 'तो आग ओकत होता' लिहायची सोय राहत नाही. मी एकदा अशीच एक कथा लिहिताना 'त्याच्या काळजाचा दगड झाला' असं लिहून गेलो, तर वाचणाऱ्या मित्रानं विचारलं, "शाप कोणी दिला?" वाक्य काढावं लागलं. उपमान त्या जगातलंच हवं, हा नियम म्हणून ठीक आहे. पण खुद्द टॉल्किनच्या पहिल्याच प्रकरणात आतषबाजीचा ड्रॅगन 'एक्सप्रेस ट्रेनसारखा' जातो, आणि शायरमध्ये, म्हणजे हॉबिट या बुटक्या लोकांच्या मुलुखात, रेल्वे कुठली! तिथे निवेदक आपल्या काळातला आहे म्हणून खपून जातं. हेच एखाद्या हॉबिटच्या तोंडी घातलं असतं तर फसलं असतं.