कोलकात्याचं रोजचं जगणं टिपताना : तुमचे अनुभव, सेटिंगसकट

कोलकात्याला जाणाऱ्या बहुतेकांचे फोटो व्हिक्टोरिया मेमोरियलपाशीच संपतात. इथे बोलूया फुलबाजार, कुमारटुली (मूर्तिकारांची वस्ती), ट्राम आणि घाटांबद्दल. काय बिघडतं, का बिघडतं आणि त्यावर उपाय काय, ते लिहा.

*

आधी घड्याळ. मुंबई-पुण्याच्या हिशेबाने उठू नका, तिथे सूर्य साधारण तासभर आधी उगवतो. जूनमध्ये पाचच्या आतच, डिसेंबरअखेर सव्वासहाच्या सुमारास. मावळतोही तसाच लवकर. डिसेंबरात तिरपं ऊन हवं असेल तर दुपारी साडेतीनला जागेवर हजर राहा.

*

हावडा पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. झेंडूच्या माळा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसतात आणि घरी येऊन पाहावं तर पाकळ्या गायब, नुसता केशरी लगदा. लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो, म्हणजे लाल रंगातला तपशील उडतो, आणि साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) ते कळतच नाही. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप उतरवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा.

दुसरी अडचण निळ्या ताडपत्र्यांची. त्यांच्याखाली चेहरे निळे पडतात आणि चेहरा सुधारायला जावं तर झेंडूचा रंग जातो. म्हणून ताडपत्री संपते तिथे उघड्या आभाळाखाली उभे राहा, माणसं तिथे येतातच.

डोक्यावर ओझं घेतलेले हमाल थांबत नाहीत, थांबूही शकत नाहीत. त्यांची वाट अडवून फोटो काढणं चूकच. कडेला पाठ टेकवा, फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 28 मिमीची लेन्स, एफ/8, शटर 1/250, आणि फोकस अडीच मीटरवर ठेवून सोडून द्या. साधारण दीड ते दहा मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. पाकळ्यांनी जमीन निसरडी असते, चपला नकोत.

*

भर घालतो : 35 मिमीला हाच पट्टा पावणेदोन ते पाच मीटर एवढाच उरतो, म्हणून अशा गर्दीत 28 बरी. आणि खुद्द पुलावर कॅमेरा काढू नका, पोलीस हटकतात. पूल हवा असेल तर हुगळीतल्या फेरीबोटीतून घ्या.

*

कुमारटुलीला दुर्गापूजेच्या दिवसांत सगळेच जातात. खरं काम पाहायचं तर जुलै-ऑगस्टात जा. बांबूच्या सांगाड्यावर सुतळीने आवळलेला पेंढा, त्यावर तुसाची माती, मग बारीक मातीचा हात, हे सगळे टप्पे एकाच गल्लीत दिसतात. आत दिव्यांचा उजेड असतो, त्यामुळे सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने फोटोवर आडवे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग 1/50 किंवा 1/100 ठेवा, कारण आपल्या 50 हर्ट्झ विजेवर दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. दाराचा उजेड मूर्तीवर बाजूने पडेल असे उभे राहा, समोरून घेतली की ओली माती सपाट दिसते. कारागिराला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. कुणी पैसे मागितले तर घासाघीस नको, त्यांच्या कामाच्या जागेत आपण अडचण करतो.

*

ट्राम आता मोजक्याच मार्गांवर उरल्या आहेत. पॅनिंगला (ट्रामसोबत कॅमेरा फिरवत फोटो घ्यायला) 1/15 पुरतं. भर उन्हात आयएसओ 100, एफ/16 ला शटर 1/125 च्या आसपास येतं, म्हणजे तीन स्टॉपचा एनडी8 फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लागणारच. ट्राम अगदी समोरून आडवी जात असतानाच दाबा. तिरकी येणारी ट्राम आकाराने वाढत जाते आणि तोंड फाटल्यासारखं येतं.

*

पावसाळ्यात कॅमेरा एसी खोलीतून थेट बाहेर काढलात की लेन्सवर वाफ धरते. पुसू नका, पुन्हा धरते. निघण्याआधी बंद प्लास्टिक पिशवीत अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा.

*

माणसांचा फोटो घेताना एवढं बांगला पुरे : "दादा, एकटा छोबी तुलबो?" (एक फोटो काढू?) बाईंना "दीदी". हातरिक्षा ओढणारे बरेचसे बिहारकडचे, तिथे सरळ हिंदी बोला. घाटावर आंघोळ करणाऱ्या बायकांचे आणि निमतला स्मशानाचे फोटो काढू नका, कुणी अडवलं नाही तरी.