गावातला पडका मठ आणि मालगुजाराचा वाडा: आधी कोणता?

वैनगंगाकाठचा
आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं. तलावाच्या पाळीशी दगडी मठ पडलेला आहे. खांब चौकोनी, सांध्यात चुन्याचा थेंब नाही. त्याला लागूनच मालगुजाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाचा वाडा, विटा-चुन्याचा, सागाचे खांब. वाड्याच्या पायरीत मात्र नक्षीचे दगड उलटे बसवलेले. गावात म्हणतात, दोन्ही नागपूरच्या भोसल्यांनी बांधले नं मधात भुयार आहे. खरं काय?

रामटेकवाला
भुयार प्रत्येकच गावात असते बाप्पा. आमचं तर थेट गडावर निघतं.

जुना पटवारी
भाऊ, भुयार सोडा, पायरी पाहा. तुमचं उत्तर तिथंच आहे. बिनचुन्याचं दगडी काम म्हणजे बहुधा यादवांच्या काळाच्या आसपासचं देऊळ. लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण सगळंच काही यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या काळातलं नसतं. वाड्यात त्याचे दगड लागले, म्हणजे वाडा उभा राहिला तेव्हा ते पडलेलं होतं.

मालगुजारांना मालकी हक्क मिळाले ते इंग्रजांच्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला त्यात, 1860 च्या दशकात. त्याआधी तेच घराणं पाटीलकी करत असेल, ते वेगळं. 31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली, तलावही सरकारजमा झाले. म्हणून तर आपण त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो.

आता मला एक सांगा: मठामागे समाध्या आहेत का, वर पिंडी असलेल्या? आणि मालगुजाराचं आडनाव काय? भोसल्यांच्या राज्यात गोसावी महंत सावकारी करायचे, पुढे त्यांच्यातलेच काही मालगुजार झाले. असं असेल तर जुन्या देवळात आधी मठ बसला, अन् मठाच्याच पैशातून वाडा उठला असावा.

वैनगंगाकाठचा
समाध्या आहेत, पिंडीही आहेत. आडनाव पुरी. आम्ही लहानपणापासून त्या घरच्या म्हाताऱ्याला महाराजच म्हणत आलो, काहून ते कधी विचारलं नाही.

जुना पटवारी
पुरी म्हणजे गोसाव्यांचंच नाव. मग पुरातत्त्ववाल्यांना नंतर गाठा. आधी जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज टाका. पहिल्या बंदोबस्ताची मिसल (गावाची फाईल) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटीची नोंद), दोन्ही मागा. मठाची जमीन माफीत (सारा माफ असलेल्या जमिनीत) कोणाच्या नावे लिहिली, त्याचा चेला कोण, ते पाहा. अन् पायरीतला दगड कोणी काढू देऊ नका. रंग तर अजिबात नको.