गिरगावात राहायला जावं का? पागडीच्या खोल्यांबद्दल सल्ला हवाय

डोंबिवलीकरीण
नवऱ्याचं ऑफिस बीकेसीला, माझं फोर्टात. लोकलला दोघंही वैतागलोय. ठाकूरद्वारजवळ एका चाळीत दोन खोल्या पागडीवर (म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाडेकरूचा हक्क) मिळतायत. सासूबाईंचं माहेर फणसवाडीतलं, त्या तर ऐकल्याबरोबर सामान बांधायला निघाल्या! पण जो तो म्हणतो, 'गिरगाव आता पूर्वीचं राहिलं नाही.' मुलगी पाच वर्षांची आहे, शाळेचंही बघायचंय. जाणकारांनी सांगा.

गॅलरीतला नाना
पूर्वीचं म्हणजे कधीचं, ते आधी विचारा त्यांना. गिरगाव म्हणजे नुसतं मराठी मध्यमवर्गाचं, हे अर्धंच खरं. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची, व्हरांड्याची घरं आहेत, आणि ती वाडी ज्या खोतांच्या नावाची ते पाठारे प्रभू ज्ञातीचे. पलीकडे भुलेश्वरकडे वळलात की गुजराती कानावर पडतं. इथे माणूस 'गिरगावचा' नंतर, आधी वाडीचा. मुगभाटातला आणि गायवाडीतला एक नाही, हे आठवड्याभरात कळेल तुम्हाला.

केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासूनचा. अजूनही मूर्ती लहान आणि मिरवणूक पालखीतून. आजूबाजूला उंचीची चढाओढ लागली तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. माझ्या मते गिरगाव बघायचं तर तिथे. पाडव्याच्या शोभायात्रेत फेटे आणि बुलेट दिसतात, तेही छान, पण ते अलीकडचं.

गिरगाव सोडलेली
नाना, गणपती दहा दिवसांचा, संडास रोजचा! ताई, सामाईक संडास आहे की घरात, पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, हे सकाळी सहाला स्वतः जाऊन बघा. एजंट दुपारी दाखवतो, तेव्हा सगळं शांत असतं. गाडी असेल तर विसरा. आणि अनंत चतुर्दशीला चौपाटीकडचे रस्ते बंद, त्या दिवशी कुठे निघायचं नाही.

पावतीबहाद्दर
मुद्द्याचं बोलतो. पागडीत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. भाडेपावती तुमच्या नावावर झाली पाहिजे, आणि त्यासाठी घरमालक रकमेतला हिस्सा घेतो. एक तृतीयांशाच्या आसपास घेण्याचा रिवाज आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने हा व्यवहार मान्य केलाय, तेव्हा 'रोखीतच द्या' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अशा खोलीवर बँकेचं गृहकर्ज सहसा मिळत नाही.

दुसरं, इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत आहे का? १ सप्टेंबर १९४० पूर्वीची असेल तर 'अ' वर्गात येते. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली पुनर्विकास झाला तर राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र (कार्पेट एरिया). म्हणूनच दीडशे-दोनशे फुटांच्या खोलीला एवढा भाव असतो, भाव भविष्याचा असतो. भाडेकरूंची यादी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ प्रमाणित करतं. विकणाऱ्याचं नाव त्यात आहे का ते तपासा. विकासक नेमलाय पण काम ठप्प, अशा चाळीत पाऊल टाकू नका. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, वर्षानुवर्षं अडकलेली कुटुंबं कमी नाहीत.

मेट्रोवाला
प्रवासाचा प्रश्न सुटलाय. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते. गिरगाव स्थानकातून बीकेसीला थेट, गाडी बदलायला नको. फोर्टात तर तुम्ही बसनेही पोचाल. मराठी शाळेसाठी चिकित्सक समूह आणि आर्यन, दोन्हीकडे चौकशी करा.

डोंबिवलीकरीण
पावतीबहाद्दर, म्हाडाच्या यादीचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. इमारत १९२० च्या दशकातली आहे म्हणतात. विकासक अजून नेमलेला नाही. मग आधी वर्षभर भाड्याने राहून बघायचं का?

गिरगाव सोडलेली
तेच करा. शक्यतो त्याच चाळीत, आणि पावसाळा धरून. गळती जाहिरातीत लिहिलेली नसते.

गॅलरीतला नाना
भाड्याला जागा हवी तर वाडीच्या मंडळात विचारा, एजंटाआधी तिथे कळतं. सासूबाईंना पुढे पाठवा, फणसवाडीचं माहेर सांगितलं की निम्मं काम झालंच.