ग्रंथपालांना कॉम्प्युटर नको असतो म्हणे!

दांडियाबाजारकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘लायब्ररीवाल्यांना यंत्र नको, खुर्ची हवी.’ वाचून डोकं फिरलं. बावीस वर्षं एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आले तेव्हा पाच जण होतो, आता मी आणि एक कंत्राटी मुलगा. अ‍ॅक्सेशन रजिस्टरातली, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या वहीतली, नोंद न् नोंद आम्हीच दिवाळीच्या सुट्टीत इन्फ्लिबनेट या सरकारी केंद्राच्या ‘सोल’ या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये चढवली. पुढे वरून हुकूम आला, ‘कोहा’ हे दुसरं सॉफ्टवेअर घ्या. एजन्सीने डेटा हलवला, तर मराठी-गुजरातीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. परत टायपिंग, आणि वर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली. यंत्राला ना नाही हो. यंत्र आलं की माणसं का जातात?

सयाजीभक्त: ताई, 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी आपल्या वडोद्याच्या ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनला आणलं. तेव्हाचे कारकून असेच रुसले असते तर?

दांडियाबाजारकर: बॉर्डनने प्रशिक्षणाचा वर्गही काढला होता, तेवढं सोयीने विसरलात. आम्हाला दीड तासाचा डेमो मिळाला. त्यात अर्धा तास समोसे.

वाडीवाला: ते राहू द्या. मराठी पुस्तकं सापडत का नाहीत? सगळं रोमनमध्ये! ‘ज्ञान’साठी डी-एन-वाय टाकलं तर शून्य. ऑपरेटर गुजराती, त्याने जी-एन टाकलेलं.

सयाजीभक्त: मग जी-एन टाका. वडोद्यात राहता ना?

वाडीवाला: चार पिढ्या राहतोय! गायकवाडांच्या गावात मराठी माणसाने ‘ग्नान’ शोधायचं?

रेवा: संस्कृतवाले जे-एन लिहितात. तिघांच्या तीन तऱ्हा. सरळ देवनागरीत नोंदवा.

वाडीवाला: तेच म्हणतोय! आजोबांनी दोन पेट्या पुस्तकं दिली एका वाचनालयाला. शिक्क्यासकट आहेत, कपाटात दिसतात. कॉम्प्युटर म्हणतो, नाहीत.

दांडियाबाजारकर: नोंदवायचं कोणी? आमच्याकडे मराठीच तीन हजार. दिवसाला वीस धरली तरी दीडशे दिवस.

अलकापुरी_कोडर: खुर्चीचं वाक्य माझं. मागे घेत नाही. वीस मिनिटं काउंटरवर उभा होतो, मॅडम मोबाइलमध्ये.

दांडियाबाजारकर: ओटीपी येतो त्यावर. तो टाकल्याशिवाय माझं अ‍ॅडमिन लॉगिन उघडत नाही, आणि आमच्या तळमजल्यावर रेंज नाही.

अलकापुरी_कोडर: बरं, ओटीपी. वीस मिनिटांचा ओटीपी. मान्य, महाराणीसाहेब.

वाडीवाला: ताई, मला मराठी टायपिंग येतं. रविवारी येऊ?

दांडियाबाजारकर: रविवारी बंद असतं. आणि बाहेरच्याला लॉगिन देता येत नाही.