मदत हवी आहे: बेंच प्रेसने खांदे आणि ट्रायसेप्स भरतात, छातीला पत्ताच नाही

नवा_भिडू_कोथरूड

नमस्कार मंडळी,
वय २७, उंची ५ फूट ८ इंच, वजन ७४ किलो. जिमला नियमित जातो, छातीचा दिवस आठवड्यातून एकदा. त्यात फ्लॅट बेंच प्रेस (सपाट बाकावर उताणं झोपून रॉड वर ढकलणं), ६० किलोचे ८ रेप्स (सलग आवर्तनं), असे तीन सेट. मग इन्क्लाइन डंबेल (तिरक्या बाकावर), मग बटरफ्लाय मशीन (बसून दोन्ही हात समोर जुळवायचं).

अडचण अशी की बेंच मारताना खांद्याचा पुढचा भाग आणि ट्रायसेप्स (दंडाच्या मागचे स्नायू) पेटतात, छाती मात्र शांत. सेट संपतो तोही ट्रायसेप्स थकल्यामुळे. दुसऱ्या दिवशीही छाती दुखत नाही. दंड आणि खांदे भरले आहेत, छाती आहे तिथेच आहे. जिममधला ट्रेनर म्हणतो, "वजन वाढव, आपोआप लागेल." वाढवलं की खांदे आणखी कुरकुरतात.

नेमकं काय चुकत असावं? आणि छातीला काम लागतंय हे ओळखायचं कसं?

लोखंडप्रेमी

वजन वाढवून हे सुटणार नाही, उलट पक्कं होईल. शरीराला फक्त रॉड वर न्यायचाय. तो कोणत्या स्नायूने न्यायचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे वजन जितकं जड तितकं ते सवयीच्या स्नायूंकडे वळतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकीचं त्यातून आपसूक येतं. छातीचा मोठा स्नायू कॉलर बोन, छातीच्या मधलं हाड आणि बरगड्यांपासून निघतो आणि दंडाच्या हाडाला, खांद्याच्या जरा खाली, पुढच्या बाजूला चिकटतो. कोपराच्या पलीकडे तो जातच नाही. म्हणजे तळहात कुठे चाललाय याने छातीला फरक पडत नाही, दंड कुठे चाललाय याने पडतो. दंड बाहेरून शरीराच्या मध्याकडे आणणं हे छातीचं काम. कोपर सरळ करणं हे ट्रायसेप्सचं काम. "रॉड वर ढकलतोय" असं डोक्यात असलं की कोपर सरळ करण्यावर जोर जातो.

चार प्रश्नांची उत्तरं द्या:
१. रॉड खाली असताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा असतो की तिरका?
२. रॉड छातीला कुठे टेकतो? टेकतो ना मुळात?
३. वर गेल्यावर खांदे बेंचवरून उचलले जातात का?
४. कोपरं बरगड्यांना चिकटलेली असतात, की अगदी काटकोनात बाहेर?

मोबाइल पायांकडून आणि एकदा बाजूने लावून रेकॉर्ड करा. आठवणीतून उत्तरं देऊ नका, सगळ्यांनाच आपली कोपरं छान वाटतात.

नवा_भिडू_कोथरूड

रेकॉर्ड केलं.
१. तिरका. पंजे कोपरांच्या आत येतात. पकड खांद्यांइतकीच रुंद आहे.
२. टेकत नाही, चार बोटं वर थांबतो. खाली येतो तो जवळजवळ कॉलर बोनच्या दिशेने.
३. हो, शेवटी खांदे पुढे येतात. ही चूक असते हे माहीतच नव्हतं.
४. बऱ्यापैकी बाहेर, ८०-९० अंश असतील.

लोखंडप्रेमी

मग निदान सरळ आहे. अरुंद पकड म्हणजे ट्रायसेप्सला जास्त काम. कॉलर बोनकडे येणारा रॉड आणि काटकोनातली कोपरं म्हणजे खांद्याच्या पुढच्या भागाची पिळवणूक. अर्ध्यावर थांबल्यामुळे छाती ताणली जाते तो टप्पाच गायब. आणि शेवटी खांदे पुढे गेले की छातीचा ताण सुटून खांद्यावर उतरतो.

पकड. रॉड खाली असताना समोरून पाहिल्यावर हात जमिनीला काटकोनात उभा दिसला पाहिजे. तुमच्या उंचीला हे बहुधा खांद्यांच्या रुंदीच्या दीडपट जवळ येईल. चांगल्या रॉडवर पकडीसाठी गुळगुळीत खुणा असतात, पण पॉवरलिफ्टिंगच्या रॉडवर त्यांच्यात ८१ सेंमी अंतर असतं आणि वेटलिफ्टिंगच्या रॉडवर ९१. कुणी "खुणेवर करंगळी ठेव" म्हणालं तर कुठल्या खुणेवर हे आधी विचारा. जिममधल्या साध्या रॉडवर खुणा नसतातच, तिथे चिकटपट्टी लावा. अंगठा रॉडभोवती हवाच. अंगठा सोडून धरणारे फुशारकी मारतात, पण रॉड घसरला तर तो छातीवर किंवा गळ्यावरच येतो.

झोपणं. डोळे रॉडच्या खाली. पाठीवरची खांद्याची पाती मागे आणि खाली, पँटच्या मागच्या खिशात सरकवल्यासारखी. नुसती मागे खेचली की खांदे कानाकडे चढतात. छाती वर, नितंब बेंचवर, पाय जमिनीवर घट्ट. मग रॉड काढायचा. इथे एक गोची होते. स्टँडचे हूक उंच असले तर रॉड काढतानाच खांदे पुढे ताणले जातात आणि केलेली सगळी मांडणी सेट सुरू व्हायच्या आधीच मोडते. हूक खाली घेता येत नसतील तर कुणाला तरी रॉड काढून द्यायला सांगा.

खाली येणं. तीन सेकंद. कोपरं धडापासून साधारण ६० अंशांवर. ४५ ते ७० मध्ये कुठेही चालेल, हातांच्या लांबीवर ठरतं. रॉड स्तनाग्रांच्या रेषेवर किंवा किंचित खाली टेकवा, एक सेकंद थांबा, आपटू नका. खाली येताना श्वास घेत छाती रॉडकडे न्या.

वर जाणं. पंजे रॉडवर न सरकवता एकमेकांकडे ओढल्यासारखा जोर लावा. हात हलणार नाहीत, पण दंड आत येण्याचा जोर तयार होतो आणि तो छातीतूनच येतो. रॉड वर आणि जरासा मागे, खांद्यांच्या वरपर्यंत. कोपरं सरळ झाली की थांबा. त्यापुढे खांद्याने आणखी दोन इंच कमवायचे नाहीत.

वजन उतरवा. ६० किलोचे ८ म्हणजे एका रेपची कमाल (जेमतेम एकदाच उचलता येईल ते वजन) साधारण ७५ धरू. त्याच्या निम्म्यावर या, म्हणजे ३५ ते ४० किलो. २० किलोच्या रॉडला दोन्हीकडे १० च्या प्लेट लावल्या की ४०. पण तुमच्या जिमचा रॉड खरंच २० चा आहे का ते तपासा, बऱ्याच ठिकाणी हलके रॉड असतात आणि मग सगळा हिशेबच चुकतो.

फिजिओ_कर्वेनगर

तांत्रिक भाग वर छान आलाय. दोन गोष्टी जोडते.

"छाती जाणवणं" म्हणजे काय हेच पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून आधी वजनाशिवाय ओळख करून घ्या. दाराच्या चौकटीशेजारी उभे राहा. एक हात खांद्याच्या उंचीवर पुढे, कोपर किंचित वाकलेलं, तळहात चौकटीच्या आतल्या कडेला. दुसऱ्या हाताची बोटं त्याच बाजूच्या छातीवर, काखेजवळ. आता तळहाताने चौकट आत, म्हणजे शरीराच्या मध्याकडे दाबा, निम्म्या ताकदीने, आठ-दहा सेकंद. बोटांखाली जे कडक होईल तो तुमचा स्नायू. मग खांदा मुद्दाम पुढे आणि वर नेऊन तेच करा. तो कडकपणा कमी होऊन मानेकडे ताण गेलेला कळेल. प्रत्येक बाजूला तीनदा, रोज केलं तरी हरकत नाही.

दुसरं, खांद्याची पाती मागे जातात का? दिवसभर हिंजवडीत लॅपटॉपवर वाकायचं आणि मग तासभर दुचाकीवर हँडल धरून पोक काढून बसायचं, अशांची पाठीची वरची बाजू बऱ्याचदा ताठर असते. टॉवेलची जाड गुंडाळी करून पात्यांच्या खालच्या टोकांच्या रेषेत आडवी ठेवा, तिच्यावर दोन मिनिटं पडा, हात डोक्याच्या बाजूला. व्यायामाआधी एवढं पुरे. छाती ताणून धरायचे लांबलचक स्ट्रेच बेंचच्या आधी नकोत, नंतर करा.

थांबायचं कधी: खांद्याच्या पुढे टोचल्यासारखी कळ, बोटांना मुंग्या, किंवा रॉड खाली येताना काखेजवळ "टक्" आवाज होऊन लगेच अशक्तपणा आणि नंतर काळंनिळं पडणं. हे शेवटचं झालं तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा, फाटलेल्या स्नायूवर उशीर महाग पडतो. आणि छातीत दाब येऊन तो जबड्यात किंवा हातात पसरत असेल, घाम फुटत असेल, तर तो स्नायूचा प्रश्न समजू नका, १०८ ला फोन करा.

तालीमवाला

एवढं सामान लागतंच कशाला, जोर मारा. पुण्यातल्या तालमींत छात्या काय बेंचवर तयार झाल्या का?

लोखंडप्रेमी

@तालीमवाला, जोर उत्तम व्यायाम आहे, पण या तक्रारीवर नेमकं औषध नाही. जोरात कंबर वर असते, हात खांद्यांइतके जवळ असतात, शरीर पुढे झेपावतं. खांदा आणि ट्रायसेप्सचा वाटा मोठा, आणि यांचे तेच आधीच पुढे आहेत. साधे पुश-अप्स, पंजे खांद्यांपेक्षा वीतभर रुंद, छाती जमिनीला टेकेपर्यंत, हे जास्त उपयोगी. जड वाटले तर हात बेंचवर ठेवून.

शनिवारपेठी

सगळं मान्य, पण "जाणवणं" याला देव करू नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामाची सवय असलेल्या १८ पुरुषांकडून बेंच प्रेस करून घेतलं. छातीवर लक्ष द्या असं सांगितल्यावर एका रेपच्या कमाल वजनाच्या २० ते ६० टक्के वजनांना छातीच्या स्नायूची विद्युत हालचाल (म्हणजे तो किती काम करतोय याचं माप) वाढली, ८० टक्क्यांना नाही. म्हणजे लोखंडप्रेमींनी वजन निम्म्यावर आणलं ते योग्यच. पण पुढे जड सेटमध्ये जाणवलं नाही तर घाबरायचं कारण नाही, तिथे मांडणी बरोबर असली की पुरे.

दुखणं हा तर अगदीच वाईट मापदंड. सवय नसलेला कुठलाही व्यायाम दुखवतो. मोजायचंच असेल तर महिन्यातून एकदा सकाळी स्तनाग्रांच्या रेषेवर टेप, सहज श्वास सोडून, हात खाली. शिवाय त्याच मांडणीत रेप्स वाढतायत का ते वहीत लिहा.

आणि आता कुणीतरी "आधी बटरफ्लाय मारून छाती थकव, मग बेंच" हा सल्ला देणारच आहे. थकलेल्या छातीने बेंच केलं की उरलेलं काम ट्रायसेप्स उचलतात. जे टाळायचं तेच होतं.

फिजिओ_कर्वेनगर

थकवण्यापुरतं बरोबर. पण हलक्या वजनाचा एक सेट, १५ रेप्स, दमायच्या बऱ्याच आधी सोडून, फक्त ओळख करून देण्यासाठी चालतो.

शनिवारपेठी

तेवढं चालेल.

नवा_भिडू_कोथरूड

खूप आभार. दोन अडचणी. इन्क्लाइन बेंच फिक्स आहे, ४५ अंश असावा. केबल मशीन आहे पण मला त्यातही खांदेच लागतात. आणि दोन प्लेट तळहातांत दाबून पुढे ढकलायचा व्यायाम करतात, तो करू का?

लोखंडप्रेमी

४५ अंशांवर कॉलर बोनकडचा भाग काम करतो, पण खांदाही तितकाच घुसतो. तुम्हाला १५ ते ३० हवेत. घडीचा बेंच असेल तर सगळ्यात खालची खाच वापरा, नसेल तर सध्या इन्क्लाइन सोडा आणि फ्लॅट डंबेल घ्या. बेंचखाली प्लेट सरकवून जुगाड करू नका, डंबेल हातात असताना बेंच हलला तर सावरता येत नाही.

केबलमध्ये खांदा लागतो तो बहुधा पुली फार वर असल्याने किंवा हात फार मागे गेल्याने. पुली खांद्याच्या उंचीला, एक पाऊल पुढे, कोपरात थोडा बाक आणि तो शेवटपर्यंत तितकाच. बाक वाढला की फ्लायचं (हात कवेत घेतल्यासारखे जुळवणं) प्रेस (ढकलणं) होतं. दंड धडाच्या रेषेपर्यंतच मागे जाऊ द्या. मनगटं नाही, दंडांची आतली बाजू छातीला घासत आणायची. मध्यात दोन सेकंद धरा. बटरफ्लायला सीट अशी लावा की कोपरं खांद्यांच्या किंचित खाली राहतील. तुमची सीट खाली असणार, त्यामुळेच खांदे वर चढतात.

डंबेल फ्लायबद्दल एक: वर हात जुळतात तिथे वजन सरळ खांद्याच्या सांध्यावर उभं असतं, छातीला काम उरत नाही. तिथे "पिळत" बसण्यात अर्थ नाही, खालचे दोन तृतीयांशच करा.

प्लेट दाबण्यात छातीला काम मिळतं ते तळहात एकमेकांवर दाबल्याने. प्लेटचं वजन खाली ओढतं आणि ते पेलतो खांदा. म्हणून अडीच किलोच्या दोन पुरेत, वॉर्म-अपला. दहाच्या घेऊन मिरवू नका.

आठवडा असा करा. छातीचा एकच दिवस काढून दोन, मध्ये दोन दिवस मोकळे, आणि आदल्या दिवशी खांदे किंवा ट्रायसेप्स नको.

पहिला दिवस: चौकटीचा दाब, केबलचा एक हलका सेट, मग बेंच ३५-४० किलो, १० चे ४ सेट, मध्ये दोन-अडीच मिनिटं. शेवटी केबल फ्लाय १२ ते १५ चे ३.
दुसरा दिवस: फ्लॅट डंबेल प्रेस, एका हातात १२ ते १४ किलो, १० चे ३. बटरफ्लाय १२ चे ३. शेवटी पुश-अप्सचे दोन सेट, शेवटचे दोन रेप्स शिल्लक ठेवून.

जितके सेट ढकलायचे तितकेच ओढायचे, रोइंग किंवा लॅट पुलडाउन. पाती मागे धरून ठेवायला ते स्नायू लागतात. दहाही रेप्सना मांडणी टिकली की अडीच किलो वाढवा, आधी नाही. ६० वर परत यायला दीड-दोन महिने लागले तर लागू द्या.

आणि एकटे असाल तर रॉडला क्लिप लावू नका. अडकलात तर एका बाजूला झुकवून प्लेट पाडता येतात. आवाजाने जिमवाला ओरडेल, ओरडू दे.